आमचे गुरुवारचे साहेब

दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी दहा वाजता मरायचं आणि दुपारी चार वाजता चहाचा कप हातात घेऊन जिवंत व्हायचं, हा नेम इतक्या काटेकोरपणे पाळणारा माणूस माझ्या पाहण्यात दुसरा नाही. त्यांचं नाव मी सांगत नाही. खरं म्हणजे त्यांना नावाने हाक मारणारं डहाणूत कोणी नव्हतंच. कैनाडच्या भातगिरणीत ते ‘सोमवारचे साहेब’ होते, खाडीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात ‘मंगळवारचे’, तलासरीला पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ‘बुधवारचे’, आणि सरावलीच्या बाजूला माझी चिकूची पेढी आहे तिथे ‘गुरुवारचे’. चार धंद्यांनी मिळून एक साहेब वाटून घेतला होता. माझ्या वाट्याला आलेला चतकोर साहेब मला पुढे इतका आवडला की तो हातचा जाऊ नये म्हणून मी बऱ्याच लबाड्या केल्या. त्या आता सांगून टाकतो, कारण रागावायला ते नाहीत.

चिकूवाल्याला टेक्नॉलॉजीचा साहेब लागतोच कशाला, असं कोणीही विचारेल. मलाही लागत नव्हता. बागायतदारांकडून चिकू घ्यायचा, निवडायचा, पिकवायचा, खोक्यांत भरून बाहेरगावी पाठवायचा आणि उरलेल्याच्या चकत्या वाळवायच्या, एवढा माझा उद्योग. कोणाचा माल किती आला, कुठे किती गेला आणि कोल्ड रूममध्ये गारवा किती, हे माझ्या भाच्याने संगणकात घालून दिलं होतं. जाताना एक काळी डबी माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, “मामा, यात सगळ्याची दुसरी प्रत आहे. जपून ठेवा. गरम होऊ देऊ नका.” आता आमच्या धंद्यात जपून ठेवायच्या वस्तूला एकच जागा असते. मी ती डबी कोल्ड रूममध्ये चिकूच्या दोन क्रेटच्या मध्ये ठेवली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. पावसाळाभर येता-जाता तिची विचारपूस केली. गणपतीच्या सुमारास संगणकाने राम म्हटला तेव्हा मी मोठ्या ऐटीत ती डबी बाहेर आणली. तिच्यातून पाणी निघालं. थोडा चिकूचा वासही निघाला. माहिती निघाली नाही.

मग आमचे टॅक्सवाले म्हणाले, “एक गृहस्थ आहेत. मुंबईत मोठ्या कंपनीत टेक्नॉलॉजीचे प्रमुख होते. आता इकडे राहतात. आठवड्यातून एक दिवस येतात.” सुतार रोजावर येतो, गवंडी येतो, साहेब रोजावर येतो हे मी प्रथमच ऐकत होतो. मला वाटलं, गाडीतून कोणी गोरागोमटा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला माणूस उतरेल. शेअर रिक्षातून उतरले ते एक किडकिडीत, साठी ओलांडलेले, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेले गृहस्थ. पिशवीत एक जाड पुठ्ठ्याची वही, एक स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःचा चहाचा कप. मी डबीची हकीकत सांगितली. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, “किती दिवस होती आत?”

“चार महिने.”

“आणि तिच्या शेजारचा चिकू?”

“चिकू उत्तम राहिला.”

“म्हणजे कोल्ड रूम चांगली आहे,” असं म्हणून त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. माझ्या पेढीबद्दल त्या वहीतली ही पहिली नोंद.

पुढचे तीन गुरुवार त्यांनी संगणकाला हात लावला नाही. ते निवडणाऱ्या बायकांच्या रांगेत पाट टाकून बसले आणि नखाने चिकूची पाठ खरवडून आत हिरवं आहे की पिवळसर, हे ओळखायला शिकले. मला वाटायला लागलं की मी एक माणूस चिकू खायला ठेवला आहे. विमल, म्हणजे माझ्याकडे वजनकाटा आणि संगणक दोन्ही सांभाळणारी तलासरीकडची बाई, तिला मी हळूच विचारलं, “हे काय करतायत गं?” ती म्हणाली, “शिकतायत, शेठ. तुमच्यापेक्षा लवकर शिकले.” चौथ्या गुरुवारी साहेबांनी निकाल दिला, “मालक, तुम्हाला मोठं सॉफ्टवेअर नको. काट्यापासून संगणकापर्यंत एक तार हवी आणि कोल्ड रूमला एक घंटा हवी.” तेवढ्यात मुंबईहून एक विक्रेता पाचपन्नास पडद्यांचं सॉफ्टवेअर घेऊन आला. रंगीत चक्रं, वर जाणारे बाण. मी तर सही करायला पेन काढलं होतं. साहेबांनी तासभर सगळं ऐकून त्याला एकच विचारलं, “लाईट गेल्यावर काय?” विक्रेता म्हणाला, “सर, लाईट कशाला जाईल?” साहेब म्हणाले, “तुम्ही डहाणूत पहिल्यांदा आलात का? चिकू खाऊन जा.” दोन किलो चिकू घेऊन तो गेला.

ते कोणालाही एकेरी हाक मारत नसत. विमल ‘विमलताई’, हमाल ‘दादा’, आणि प्रिंटरसुद्धा ‘अहो’. कागद अडकला की त्याच्यासमोर वाकून, “अहो, सोडा आता, बायका थांबल्यात,” असं म्हणत. आणि ज्याला थापट्या मारून मी दमलेलो असे, तो प्रिंटर मुकाट कागद सोडत असे. त्यांना ऐकू जरा कमी यायचं, त्यामुळे त्यांच्या फोनची घंटी आगीच्या बंबासारखी होती. ती वाजली की निवडणाऱ्या बायकांच्या हातून चिकू सुटायचे. पासवर्डच्या बाबतीत मात्र ते कडक होते. माझा पासवर्ड ‘चिकू’ आणि पुढे एक-दोन-तीन असा होता. तो त्यांनी बदलून एक अख्खं लांब वाक्य करायला लावलं. ते माझ्या लक्षात राहीना, म्हणून मी ते लिहून गणपतीच्या तसबिरीमागे चिकटवलं. पुढच्या गुरुवारी आल्या आल्या साहेबांनी तसबीर उचलली. मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं?” ते म्हणाले, “गिरणीत लक्ष्मीच्या मागे आहे, बर्फवाल्यांकडे एकवीरेच्या मागे, तलासरीला अंबाजीच्या मागे. अख्ख्या मुलखाची सुरक्षा देवावर आहे, मालक.”

त्यांची वही म्हणजे त्यांचा खरा संसार होता. प्रत्येक धंद्याची वेगळी. आमच्यासाठी पेढीवर ठेवलेल्या वहीत यंत्राची काय अडचण आली तर काय करायचं, हे विमलला वाचता येईल अशा सरळ मराठीत लिहिलेलं होतं. पान बारावर होतं: ‘लाल दिवा लागल्यास घाबरू नये. आधी चहा ठेवावा. चहा होईपर्यंत दिवा हिरवा न झाल्यास पान तेरा पाहावे.’ मी विचारलं, चहा कशाला? ते म्हणाले, “निम्मे बिघाड यंत्र बिघडल्यावर माणसं जे करतात त्याने होतात. तेवढा वेळ माणसांचे हात गुंतलेले असावेत.”

आणि ते मरण. पहिल्यांदा मेले तेव्हा आमची फार धांदल उडाली. दहाच्या ठोक्याला ते पडवीतल्या खुर्चीत बसले, पेपर उघडला आणि म्हणाले, “आज मी मेलो आहे. मृताला प्रश्न विचारू नयेत. मृताला फोन करू नये. माझ्याशिवाय दिवस काढून दाखवा.” मी म्हटलं, “साहेब, असं अभद्र काय बोलता?” मृताने उत्तर दिलं नाही. विमल म्हणाली, “मेले तरी चष्मा लावून पेपर वाचतायत. बरं आहे.” त्यांनी स्वतःच सकाळी यंत्रात कसलीशी एक खोडी करून ठेवलेली असे. ती आम्ही शोधायची, वही बघून दुरुस्त करायची, माल वेळेत रवाना करायचा. मी पहिल्याच दिवशी बशीखाली चिठ्ठी सरकवली: ‘कितवं पान?’ त्यांनी चहा प्यायला आणि चिठ्ठी पेपरात खूण म्हणून घातली. मग मी आडोशाला जाऊन फोन लावला. बंब वाजला, सगळे चिकू सांडले, आणि मृत म्हणाला, “नापास.” चार वाजता ते उठले, भिंतीवरच्या तक्त्यातल्या एका चौकटीत स्वतःच्या हाताने ‘नापास’ लिहून सही केली आणि दुसरा चहा मागितला.

या तक्त्याला एक अट होती. सलग तीन महिने पास झालो की करार संपणार. मला ही अट वाचूनच घाम फुटला होता. मी म्हटलं, “साहेब, घाई काय आहे?” तेव्हा ते म्हणाले होते, “मालक, मी इथे राहायला आलेलो नाही. इथून जायला आलोय.” त्यांची मुलगी नाशिकला होती. तिला एक छोटी मुलगी होती. बायको गेल्यानंतर ते समुद्र बघायला म्हणून दोन दिवस डहाणूला आले आणि एका मावशींची खोली घेऊन राहिले. त्या मावशी बोंबील वाळवून विकायच्या. त्या साहेबांना ‘मास्तर’ म्हणत. आता मुलीचा सारखा धोशा होता की बाबा, छातीचं दुखणं घेऊन एकटे राहू नका, आवरा तिकडचं आणि या. अकरा वाजता ते एक छोटी पांढरी गोळी घ्यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, “पास व्हा लवकर.”

मी पास होत नव्हतो. म्हणजे पेढी पास व्हायला लागली होती. विमल ती वही पाठ झाल्यासारखी चालवत होती. पहिला महिना पास, दुसरा महिना पास. आणि तिसऱ्या महिन्यात, साहेब मेल्यावर तासाभराने, मी हळूच मागच्या दाराने जाऊन काट्याची तार सैल करून ठेवायचो. त्यामागे एकच गोष्ट होती. गुरुवार म्हणजे मला माणूस मिळाल्यासारखं होतं. दुपारी डबे उघडले की ते आणि मी कशावरही बोलायचो: भरतीच्या वेळा, त्यांच्या नातीचे पडलेले दात, माझ्या मूर्खपणाचे जुने नमुने. माझ्या चुका ऐकून घेताना न हसणारा तो एकच माणूस होता. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा विमलने मला गाठलं.

“शेठ, तार कोणी काढली?”

“उंदराने.”

“स्क्रू फिरवून?”

“इथले उंदीर हुशार झालेत.”

“साहेबांना पोरीकडे जायचंय, शेठ.”

“माहिती आहे गं मला,” मी म्हणालो. माहीत होतंच. तिसऱ्यांदाही उंदीर आलाच.

यंदा पुन्हा दोन महिने पास झाले होते. तिसऱ्या परीक्षेच्या आधीच्या गुरुवारी साहेब पडवीच्या तीन पायऱ्या चढून आले आणि मधल्या पायरीवर थांबले. कपाळावर घाम होता. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि प्रथमच जरा विनवणीच्या सुरात म्हणाले, “या वेळी पास व्हा, मालक. बोर्डीच्या चिंचा नातीला न्यायच्यात, पुढच्या महिन्यात मिळणार नाहीत.” मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, “शब्द देतो. या वेळी नापास झालो तर चिकूचा धंदा सोडेन.”

तो गुरुवार उजाडला. दहा वाजले. साहेब आले नाहीत. सव्वादहा झाले. विमल म्हणाली, “या वेळी परीक्षा अवघड दिसते. साहेब घरूनच मेलेत.” सगळ्या बायका हसल्या. मीही हसलो. मला ते अगदी पटलं: शेवटचा पेपर, म्हणजे खुर्चीसुद्धा रिकामी. अकरा वाजता लाईट गेली. कोल्ड रूमची घंटा वाजायला लागली, लाल दिवा लागला, इन्व्हर्टर हूं की चूं करेना, आणि दोन वाजता गाडी लागणार होती. माझा हात आपसूक खिशातल्या फोनकडे गेला. विमल वही उघडून उभी होती.

“शेठ, मेलेल्याला फोन नाही.”

“मी फक्त वेळ बघत होतो.”

“घड्याळ भिंतीवर आहे.”

चार वेळा माझा हात खिशात गेला असेल. शेवटी मी फोन विमलच्या टेबलाच्या खणात टाकला आणि खणाची किल्ली तिच्याकडे दिली. आयुष्यात इतका प्रामाणिक मी कधी झालो नव्हतो. आम्ही चहा ठेवला. पान तेरा काढलं, मग सोळा. विमलने इन्व्हर्टरची कुठलीशी पट्टी घासून बसवली, बायकांनी कोल्ड रूमच्या दाराला गोणपाटं लावली, काट्याचे आकडे हाताने लिहून घेतले आणि लाईट आल्यावर संगणकात चढवले. गाडी वेळेवर सुटली. तार जागच्या जागी होती. चार वाजता मी साहेबांसाठी पेढीतला एक कप विसळून, चहा भरून पडवीत खुर्चीपाशी ठेवला, कारण जिवंत व्हायला ते येणार याची मला खात्री होती. चहावर साय धरली. साडेचारला विमलने खण उघडला आणि मी फोन लावला, ‘साहेब, पास झालो’ हे वाक्य जिभेवर ठेवून.

फोन मावशींनी उचलला. “‘गुरुवार’ असं आलंय फोनवर. पेढीवाले काय?” त्या म्हणाल्या. “या लवकर. मास्तरांना दवाखान्यात आणलंय.”

मी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. चारला उठायची वेळ साहेबांनी चुकवली होती. त्यांच्याकडून वेळ चुकण्याचा हा पहिलाच प्रसंग. बाकावर मावशी बसल्या होत्या, हातांना अजून बोंबलाचं मीठ. त्यांनी सांगितलं की सकाळपासून त्या अंगणातच होत्या, मास्तरांचं दार बंद होतं, गुरुवार म्हणून त्यांना वाटलं पेढीवर गेले. साडेतीनला बादली उचलली तेव्हा तिच्यामागे त्यांच्या चपला दिसल्या.

“सकाळपासून फोन नाही वाजला त्यांचा?” मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

“नाय वाजला,” त्या म्हणाल्या. “वाजला असता तर मला कळला असता की. केवढ्याने वाजतो तो. मी दार ढकललंच असतं.”

वेळेवर आणलं असतं तर काय झालं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर घेऊन मला घरी जाता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी स्मशानात आठवड्याचे चारही दिवस पहिल्यांदा एकत्र उभे राहिले. साहेबांची मुलगी नाशिकहून पहाटे पोचली होती. मी खोकीवाल्यांना म्हटलं, “आता तुमच्या बुधवारचं काय करणार?” ते म्हणाले, “कसला बुधवार? आमचं तर दीड वर्षापूर्वीच पास झालं, भाई.” गिरणीवाले त्याच्याही आधी पास झाले होते. बर्फवाल्यांनी मान हलवली. त्यांचाही करार वर्षापूर्वी संपला होता. इतके दिवस मी ज्याला चतकोर समजत होतो, तो गेलं वर्षभर अख्खा माझ्या एकट्याचा होता. सोमवार, मंगळवार, बुधवार तो माणूस खोलीत बसून माझ्या पास होण्याची वाट बघत होता.

मुलीने मला त्यांच्या कापडी पिशवीतली, त्यांची स्वतःची वही दिली. “बाबा सांगायचे, एकच विद्यार्थी राहिलाय,” ती म्हणाली. “मी रागावायची, त्याला सोडून या ना. तर म्हणायचे, अगं, तो मुद्दाम नापास होतो.” मला तिच्याकडे बघवेना. वहीच्या शेवटच्या पानांवर यंत्रांचं काही नव्हतं. तीन ओळी होत्या, तीन वेगवेगळ्या महिन्यांच्या. पहिली: ‘मालकांनी तार काढली.’ दुसरी: ‘मालकांनी पुन्हा तार काढली. विमलताईंना सर्व येते.’ तिसरी: ‘पुन्हा तार. मालकांना सोबत हवी आहे. मलाही घाई नाही.’

ती शेवटची ओळ खरी होती की माझ्यासारख्याची समजूत काढण्यासाठी लिहिलेली होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चिंचा मी नाशिकला पाठवल्या.

आता शेवटच्या गुरुवारी मरायची पाळी माझी असते. विमलनेच तसं ठरवलं. “पेढी शेठशिवाय चालते का तेही बघायला पाहिजे,” ती म्हणाली. चालते, आणि जरा जास्तच बरी चालते, हे कळून मनाला लागतं. साहेबांच्या नियमांत मी एकच बदल केला आहे: मेलेल्याला तासातासाने फोन करायचा. ती काट्यापाशी बसूनच करते, मी दहा पावलांवर पडवीत उचलतो. “शेठ, आहात ना?” “आहे.” “मग ठेवते.” बाकीचा वेळ मी त्यांच्या खुर्चीत बसून असतो. पहिल्यांदा बसलो तेव्हा कळलं, त्यांनी खुर्ची तिथेच का ठेवली होती. पेपर जरा खाली केला की खिडकीतून मागचं दार दिसतं, काट्याची तार दिसते, आणि ती सैल करायला वाकलेला माणूसही दिसला असेल. समोर भिंतीवर तक्ता आहे. दोन चौकटींत ‘पास’ आणि खाली त्यांची सही. तिसरी कोरी आहे. विमल एकदा पेन घेऊन गेली होती तिथे. मी म्हटलं, राहू दे, सही त्यांनीच करायची असते. तीन पास झाल्याशिवाय करार संपत नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.